दोन माणसांचा ट्रक

वेलेरी
११ फेब्रुवारी २०१९

पाकदे,

मी विवित लिहितेय, सार्तोची मुलगी. तुम्ही माझे थोरले काका, पण आत्तापर्यंत तुम्हाला आईच लिहायची. मी सहावीपर्यंतच शिकले, चुका होतील त्या पोटात घाला. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही असं आई म्हणाली, म्हणून हे लिहून कास्मीबाईंच्या टपरीवर देणार आहे. त्या म्हणतात, तुम्ही आणि बाबा अशाच चिठ्ठ्या ठेवायचात आणि तुमच्याकडं जाणारा ट्रक जेवायला थांबला की त्या त्याच्या हाती द्यायच्या.

तुमच्या जावयाचं लिहायचंय. रोखिमला तुम्ही पाहिलेलं नाही, लग्नाला तुमचा दमा वाढला होता. तो कौलांच्या भट्टीवरचा छोटा ट्रक चालवायचा. सकाळी गेला की संध्याकाळी घरी. आता सुराबायाच्या एका मोठ्या कंपनीत लागलाय. सुराबाया ते जकार्ता, नव्या टोलच्या रस्त्यानं, मोठी गाडी, एकटा. तो खूश आहे. मला जेवण जात नाही. लिंतांग सात महिन्यांची झाली. दूध पितापिता माझ्या तोंडाकडं बघते आणि रडायला लागते. सासूबाई म्हणतात, तुझी भीती दुधातून पोरीत उतरतेय.

फोनमध्ये त्याचा ट्रक दिसतो, निळा ठिपका. ठिपका पळत असला की भीती वाटते आणि थांबला की जास्त वाटते. काल भात करपला, मी ठिपका बघत बसले होते.

बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. ब्रेक फेल झाले एवढंच मला माहीत आहे. रोखिम म्हणतो, नव्या गाड्यांचे ब्रेक हवेवर असतात, हवा गेली तर गाडी जागची हलतच नाही, तुझ्या बाबांसारखं आता कुणाचं होत नाही. मग मी कशाला भितेय तेच मला कळत नाही.

तुम्ही तीस वर्षं ट्रकवर काढली. बाबांच्या बरोबर बारा. मला नीट सांगा, नेमकं कशाला भ्यायचं. मी तेवढ्यालाच भिईन, बाकीचं सोडून देईन. आणि मोठं काही असेल तर तसं लिहा, मी त्याला ही नोकरी सोडायला लावीन. माझं नाही ऐकलं तरी तुमचं ऐकेल.

विवित

---

बांचार
२ मार्च

विवित पोरी,

तुझी चिठ्ठी सतरा दिवसांनी पोचली. आमच्या वेळी दोन दिवसांत यायची. आणणारा मासळीवाला म्हणाला, म्हातारबा, आता मोठे ट्रक सगळे टोलवर गेले, तुमच्या कास्मीकडं खायला आम्ही चारजणच उरलोय आणि ती चौघांवर चाळिसांचा राग काढते. म्हटलं, ती चाळिसांवर चारशेंचा काढायची.

तुझं अक्षर सार्तोसारखं आहे. तिरकं, घाईत असल्यासारखं.

ट्रकचं विचारलंस, तर आमचं नाक लांब होतं. ट्रकचं म्हणतोय. इंजिन पुढं, आपण मागं, पाय भाजायचे. स्टेअरिंग फिरवायला दोन्ही खांदे लागायचे. जकार्ताला जाऊन येऊन दहा दिवस धरायचे. टायर फुटला की तिथंच बसून जोडायचा, त्यात अर्धा दिवस. घरच्यांना आम्ही कुठं आहोत ते माहीत नसायचं आणि ते विचारायचेही नाहीत. तुझी आई म्हणायची, आला की कळेलच, भांडी वाजायला लागतात.

मागच्या फळीवर चित्र काढून घ्यायची सगळ्यांना हौस. सार्तोनं एक बाई काढून घेतली. तुझ्या आईनं विचारलं, ही कोण. हा म्हणाला, तूच की. ती म्हणाली, माझं नाक असलं आहे का. पुढच्या खेपेला यानं रंगाऱ्याकडं गाडी नेली, माल भरलेला, आणि नाक बदलून आणलं. शेठ विचारतोय उशीर का झाला, आणि मी काय सांगू, नाकामुळं झाला?

आणि ट्रकवर दोघं असायचे. क्लीनर नव्हे, दोन ड्रायव्हर. एक चालवायचा, दुसरा बोलायचा. दुसऱ्याचं तेच काम. सार्तो अखंड बोले. रस्ताही बोलायला विषय द्यायचा. जुवानाला सुकी मासळी, कुदुसला लवंगेच्या सिगारेटी, ब्रेबेसला कांदे. डोळे बांधले असते तरी वासानं गाव सांगितलं असतं. पुलावर तीनदा हॉर्न द्यायचा, जे कोण तिथं राहतं त्याची परवानगी म्हणून. परवा पुतण्याच्या गाडीतून तो टोलचा रस्ता बघितला. तीन तास गेलो, कशाचाच वास आला नाही.

भ्यायचं म्हणशील तर टायरला भ्यावं, पावसात उताराला भ्यावं, आणि ब्रेकला. नव्या गाड्यांचे ब्रेक चांगले असतात हे रोखिमचं खरं आहे. तू उगाच जीव टांगून घेऊ नकोस. पोरीला दूध पाज आणि ठिपका झाकून ठेव.

तुझा पाकदे
दार्मिन

---

वेलेरी
२१ मार्च

पाकदे,

तुमची चिठ्ठी कास्मीबाईंनी स्वतः घरी आणून दिली. म्हणाल्या, टपरीवर बसून तरी काय करू, माश्यांना जेवायला वाढू? मग नाकाचं वाचून आईला दाखवलं. आई हसली नाही पण दिवसभर नाक चोळत होती.

तुम्ही लिहिलंत तेव्हापासून मला बरं वाटतंय. तीन रात्री नीट झोपले. टायर त्यांची कंपनी वेळेवर बदलते, टोलवर उतार नाहीत, ब्रेक चांगले. मग राहिलं काय, असं मीच मला म्हणते.

रोखिम मागच्या शुक्रवारी एका रात्रीसाठी आला होता. ट्रक हायवेच्या कडेला उभा केला आणि मला, लिंतांगला केबिन दाखवायला नेलं. पाकदे, खोलीसारखी केबिन आहे. गार हवा येते. सीट खालीवर होते. पण समोर काचेवर एक डोळा बसवलाय, कॅमेरा. तो दिवसभर त्याच्या तोंडाकडं बघत असतो. डोळे मिटले, जांभई दिली की किंचाळतो आणि आत एक बाई बोलते, आपण थकलेले आहात, कृपया विश्रांती घ्या. आणि तिकडं ऑफिसात त्याच्या नावापुढं खूण पडते.

आता तुमच्या जावयाचे डोळे मुळातच बारीक. लग्नाच्या फोटोत फोटोवाल्यानं चारदा सांगितलं होतं, नवरदेव डोळे उघडा. त्या यंत्राला वाटतं हा कायम झोपलेलाच आहे. हसला तरी किंचाळतं. गेल्या महिन्यात त्याच्या नावावर एकतीस खुणा पडल्या. ऑफिसातल्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलं, काय रोखिमभाऊ, घरी झोपू देत नाहीत का. घरी सांगताना तो हसत होता पण मला दिसलं, त्याला लागलंय. म्हणाला, मी चोर असल्यासारखं बघतं गं ते. कौलांच्या भट्टीवर कुणी माझ्या तोंडाकडं बघत नव्हतं.

मला काय सुचलं सांगू? सासूबाईंची कंबरदुखीची चिकटपट्टी होती. त्यातला नखाएवढा गोल कापला आणि सकाळी निघताना मीच त्या डोळ्यावर चिकटवला. रोखिम नको नको म्हणत होता. मी म्हटलं, ब्रेक चांगले आहेत ना, मग हे कशाला हवंय, आमच्या पाकदेंच्या वेळी असलं काही नव्हतं. मग तोही हसला. डोळ्याला औषध लावलंस म्हणाला. ऑफिसात काळं दिसेल तर ऊन पडलं म्हणून सांगेन म्हणाला.

त्यानंतर दोन खेपा झाल्या. एकही खूण नाही. काल फोनवर गाणं म्हणत होता.

तुमच्यामुळं माझी भीती गेली. आई विचारतेय दमा कसा आहे.

विवित

---

बांचार
६ एप्रिल, संध्याकाळ

विवित पोरी,

आज दुपारी फोन आला तो माझाच होता. तुझी चिठ्ठी जेवताना मिळाली. हात न धुता मशिदीसमोरच्या दुकानात गेलो आणि त्याला म्हटलं हा नंबर लाव. तू काय विचारलंस ते ऐकू आलं नाही. आलं असतं तरी दुकानात चारजण उभे होते, मला सांगता आलं नसतं. आता सांगतो. आणि ही चिठ्ठी ट्रकवर देत नाही, पोस्टात टाकतोय, जास्तीचं तिकीट लावून.

ब्रेक फेल झाले नव्हते.

आम्ही सिमेंट घेऊन सेमारांगला निघालो होतो, दोघं. रस्ता आमच्या दारावरूनच जातो. त्या दिवशी गावची धरणीची पूजा होती, म्हैस शिजत होती, सगळे चुलत भाऊ आले होते. गाडी हळू केली तर पोरं टपावर चढली, उतरा उतरा म्हणून. सार्तो म्हणाला, तू उतर दादा, मी सेमारांगला माल टाकून परवा परत येतो, इकडून तुला उचलतो. मी म्हटलं, एकटा कसा जाशील. तो म्हणाला, दिवसाउजेडी तर जायचंय, माणसाला झोप रात्री येते.

मी उतरलो.

झोप रात्री येत नाही पोरी. रात्री माणूस सावध असतो. झोप दुपारी येते, जेवण झाल्यावर, दोन ते चार, रस्ता सरळ असला की. रेम्बांगच्या पुढं कालिओरीला रस्ता सुतासारखा सरळ आहे, दोन्हीकडं मिठागरं. गाडी एवढीशी वाकडी झाली आणि मिठागरात उतरली. पाणी गुडघाभर होतं. त्या पाण्यात कोण मरतं? पण मागचं सिमेंट पुढं आलं.

मी तिथं पोचलो तेव्हा रस्त्यावर टायरच्या खुणा नव्हत्या. ब्रेकवर पाय पडलाच नव्हता. पोलीस म्हणाला, झोप लागली. मी म्हटलं नाही, ब्रेक फेल. शेठलाही तेच बरं वाटलं, मलाही. झोप म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, दुसरा ड्रायव्हर कुठं होता.

दुसरा ड्रायव्हर म्हैस खात होता.

त्यानंतर मी अठरा वर्षं चालवलं, पण फक्त पूर्वेकडं, सुराबायापर्यंत. त्या मिठागराच्या पुढं कधी गेलो नाही. तुझ्या लग्नाला यायची वाट तिथूनच जाते, म्हणून आलो नाही. मला दमा नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शेजारची सीट रिकामी असते, त्याला भी. एकट्या माणसाला ट्रकवर बसवलं आणि दुसऱ्याच्या जागी त्यांनी तो डोळा ठेवला. वाईट आहे, खोटं ओरडतो, लाज काढतो, सगळं खरं. पण त्या सीटवर आता तेवढंच कुणीतरी आहे. त्याच्यावर पट्टी लावलीस तर रोखिम एकटा झाला. काढ ती.

दार्मिन

---

वेलेरी
२४ एप्रिल

पाकदे,

तुमचं पत्र आठ तारखेलाच आलं. इतके दिवस मी लिहिलं नाही कारण मला लिहायचं नव्हतं.

तो फोन आला तेव्हा दोन वाजून गेले होते. तुम्ही म्हणालात, विवित, पट्टी काढ, त्याला सांग आत्ता काढ. मी विचारलं, पाकदे, काय झालं. तुम्ही म्हणालात ऐकू येत नाही, पट्टी काढ, आणि ठेवला. मला काही कळलं नाही, पण तुमचा आवाज ऐकून लिंतांगला खाली ठेवलं. रोखिमला फोन लावला. चालवताना फोन घ्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे, तो घेत नाही. ठिपका पळत होता. मी लावत राहिले. लिंतांग रडत होती, सासूबाई ओरडत होत्या, त्याला सारखी रिंग देऊ नको, नोकरी जाईल. मी आठदा लावला. नवव्यांदा उचलला. आधी नुसता लोखंड घासल्याचा आवाज, लांबच लांब. मग थांबला. मग तो म्हणाला, विवित, मी कुठं आहे?

कडेच्या लोखंडी कठड्याला घासत गेला होता. डावा आरसा गेला, दार आत आलं, दोन बरगड्या मोडल्या. पुढं कठडा संपतो आणि खाली नाला आहे. रिंग ऐकू आली म्हणून डोळे उघडले म्हणतो. आधी म्हणत होता झोपलोच नव्हतो. चार दिवसांनी रडला आणि म्हणाला झोपलो होतो.

कंपनीची माणसं आली त्यांनी आधी डोळा बघितला. पट्टी तिथंच होती. त्यानं मीच लावली म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही. नोकरी गेली. आता माझ्यासमोर पडून असतो, छातीला कापड बांधून, आणि मला काही बोलत नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाकदे, मी तुम्हाला एकच विचारलं होतं, कशाला भ्यायचं. तुम्ही मला ब्रेक सांगितलं. झोप म्हणाला असतात तर मी त्या यंत्राच्या पाया पडले असते, पट्टी नसती लावली. चूक माझी आहे ते मला माहीत आहे. पण अर्धी तुमची आहे, ती मी एकटी घेणार नाही. आणि तुम्ही फोन केला नसता तर काय झालं असतं तेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम धरून मला झोप लागत नाही.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. पूर्ण होईपर्यंत सोलत राहिली. मग म्हणाली, त्याला लिही, म्हैस चांगली शिजली होती का.

विवित

---

बांचार
९ मे, रोज्यांचा चौथा दिवस

विवित पोरी,

तुझ्या आईला सांग, चांगली शिजली होती. दोन वाट्या खाल्ल्या. नंतर कधी खाल्ली नाही. तिनं विचारलं ते बरं झालं. एकोणीस वर्षं वाट बघत होतो कुणी विचारेल म्हणून.

अर्धी माझी लिहिलंस, त्याहून जास्त आहे. पण तू ठरवलंस तेवढी घेतो.

रोखिमच्या बरगड्या जुळायला दोन महिने जातील. तोवर त्याला जड उचलू देऊ नकोस. नंतर तो परत स्टेअरिंगकडंच जाणार, तू कितीही रडलीस तरी. तुझ्या बापाला तुझ्या आईनं भाताचं शेत घेऊन दिलं होतं, तो बांधावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजायचा.

आमच्या गावात हाजी मुल्यानीचा मिठाचा ट्रक आहे. तीस वर्षांचा आहे, लाकडी बॉडी, ताडपत्री ठिगळांची. रेम्बांगहून मीठ घेऊन सेमारांगला जातो, जुन्याच रस्त्यानं, टोल त्याला परवडत नाही. पंखा नाही, डोळा नाही. ड्रायव्हर गेल्या महिन्यात मलेशियाला गेला. कंपनीत मिळायचं त्याच्या निम्मं मिळेल, खोटं सांगत नाही. पण आठवड्यातून दोनदा तुमच्या बाजूला येईल.

माझं वय सदुसष्ट. जड गाडीचं लायसन्स संपलंय. मी चालवणार नाही. दुसऱ्या सीटवर बसेन. हाजीला विचारलं, तो म्हणाला, म्हाताऱ्या, तू काय करणार तिथं बसून. मी म्हटलं, बोलणार. तो म्हणाला, त्याचे पैसे देणार नाही. मी म्हटलं, मागितलेत कुणी.

कालिओरीवरून जावं लागेल. ते माझं मी बघेन.

ईद होऊन जाऊ दे. रोज्यात दुपारी चालवायला मी त्याला बसवणार नाही. तुला पटत नसेल तर पाठवू नकोस. मी परत विचारणार नाही.

दार्मिन

---

वेलेरी
१६ जून

पाकदे,

ही चिठ्ठी रोखिमच घेऊन येतोय. त्याला फोडू नको सांगितलंय, पण वाटेत फोडेलच, म्हणून त्याच्याबद्दल वाईट काही लिहीत नाही.

मला अजून पटलेलं नाही. पण तो सकाळी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि मोठी गाडी गेली की मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघतो. परवा लिंतांगला कडेवर घेऊन तिला सांगत होता, हा आठ टनी, हा दहाचाकी. ती नुसती त्याचे कान ओढत होती. मी म्हटलं, जा बाबा एकदाचा. आईनं बॅग भरली. तळाशी तुमच्यासाठी वाळवलेला मासा ठेवलाय. मी विचारलं, कुणासाठी. म्हणाली, ज्याला दमा आहे त्याच्यासाठी.

तो कसा झोपतो ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. झोप आली तर कबूल करत नाही. झोप नाही आली, डोळेच असे आहेत म्हणेल. डोळ्यांकडं बघू नका, ते कायम तसेच. उजवा हात बघा. झोप यायला लागली की त्या अंगठ्यानं बोटं चोळायला लागतो. मग गुणगुणतो. गुणगुणणं थांबलं की गेला. तेव्हा नुसतं बोलून भागत नाही, मारा. मी परवानगी देतेय.

तुमच्या पहिल्या चिठ्ठीतलं सगळं मी त्याला वाचून दाखवलं नाही. तुम्हीच सांगा, दोन ते चारच्या मध्ये, लांबवून लांबवून. बाबा काय बोलायचे ते आठवत असेल तेवढं सगळं सांगा. मला त्यांचा आवाज आठवत नाही. हा घरी आला की मी त्याच्याकडून ऐकेन.

मिठागरापाशी आलात की तुम्हाला काही झालं तर त्याला सांगा. तो चांगला आहे, हसणार नाही.

मी अजून भितेच. पण आता कशाला ते मला माहीत आहे. लिंतांगला दूध पाजताना तिच्याकडं बघते, आणि ती पिते.

वाटेत कुणी ओळखीचं भेटेल, जेवायला बोलावतील, कुणाचं लग्न असेल, कुठं म्हैस शिजत असेल. तुम्ही म्हातारे आहात, थकाल, तो म्हणेल पाकदे तुम्ही उतरा, मी जाऊन येतो. ऐकू नका त्याचं. उतरायचं झालं तर दोघंही उतरा.

विवित